संशयात्मा

संशयात्म्याचा नाश होतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमेरिकेत तो फी घेतो. तिथल्या एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी बेसबॉलच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं, की कोपऱ्यातल्या घडीच्या टेबलामागे तो हमखास सापडतो. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, हातात भिंग, शेजारी जांभळ्या उजेडाची बॅटरी आणि चेहऱ्यावर मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईंचा भाव. समोर रांग. रांगेत प्रत्येकाच्या हातात आजोबांचा चेंडू, आणि चेंडूवर बेसबॉलचा दिग्गज खेळाडू बेब रूथ याची सही. पारखी आधी सहीकडे बघतच नाही. बेसबॉलच्या चेंडूला १०८ दुहेरी टाके असतात, जपमाळेला मणी असतात तितकेच, आणि तोही चेंडू बोटांत तसाच फिरवतो, ओठ किंचित हलवत. मग नजर छापील मजकुरावर थांबते. अमेरिकन लीगच्या अधिकृत चेंडूवर तेव्हा लीगच्या अध्यक्षाचं नाव छापलेलं असे. इथे नाव आहे जो क्रोनिनचं. क्रोनिन अध्यक्ष झाला १९५९ साली. रूथ वारला १९४८ साली. "आजोबांनी समोर उभं राहून घेतली हो सही," गिऱ्हाईक काकुळतीला येतं. "मग आजोबा फारच धीट असले पाहिजेत," पारखी म्हणतो.

या माणसाला खरं ओळखता येतं, असा लोकांचा समज आहे. तो मुळातच चुकीचा. त्याला फक्त खोटं ओळखता येतं. ज्यात खोट सापडली नाही, त्याला तो नाइलाजानं खरं म्हणतो. त्याचे पुरावे बघा. बॉलपेन अमेरिकेत दुकानात आलं १९४५च्या ऑक्टोबरात, आणि दुसरा दिग्गज खेळाडू लू गेहरिग गेला १९४१ साली. तेव्हा गेहरिगची बॉलपेनातली सही आली की विषय संपला. जांभळ्या उजेडात कागद निळसर चमकला, तर तो बहुधा महायुद्धानंतरचा; त्यावर १९२७ सालची सही असणं कठीणच. पण हे सगळे पुरावे एकाच दिशेनं चालतात. ते फाशी देऊ शकतात, निर्दोष सोडू शकत नाहीत. चेंडू जुना, शाई जुनी, टाक जुना, हे सगळं बाजारात भामट्यालाही विकत मिळतं. उरतो तो हात. स्वतःचं नाव लिहिताना माणूस विचार करत नाही, दुसऱ्याचं लिहिताना करतो, आणि तो विचार शाईत उतरतो. वळणावर पेन दबकतं, मधेच उचललं जातं, शेवटची रेघ सुटत जाण्याऐवजी बोथट थांबते. म्हणून फार नेटकी सही दिसली की पारख्याच्या कपाळाला आठी पडते. मोत्यासारखं अक्षर ही आपल्याकडे शाबासकी असते. त्याच्या टेबलावर ती फिर्याद आहे.

या नियमाची खरी फजिती केली ती शूलेस जो जॅक्सननं. १९१९च्या वर्ल्ड सीरिजमधल्या निकालनिश्चितीच्या प्रकरणात हा अफाट फलंदाज अडकला आणि १९२१ साली जन्माचा बाद झाला. त्याला लिहिता-वाचता जेमतेमच यायचं. पत्रं आणि सह्या बहुतेक त्याची बायको केटी करायची. स्वतःवर वेळ आली की तो नाव लिहीत नसे, चित्र काढावं तसं काढत असे. त्याच्या हातची सही इतकी दुर्मिळ, की तिच्यासह एक फोटो २०२१ साली लिलावात १४ लाख डॉलरच्या वर गेला. म्हणजे इथे अडखळलेली, थांबत थांबत गिरवलेली सही खरी, आणि झोकदार सही वहिनींची! नवऱ्याच्या संमतीनं बायकोनं केलेल्या सहीला खोटी तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं? आपल्याकडच्यासारखी ‘निशाणी डावा अंगठा’ त्यानं उठवली असती, तर निदान त्याच्यापुरता भिंगवाल्यांचा धंदा बसला असता.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं थोतांड आहे. एकानं नाकारलेली सही दुसरा पास करतो. आक्षेप पोकळ नाही. १९९९ साली एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये धाडी घातल्या, तेव्हा बनावट सह्यांच्या ढिगाबरोबर त्या खऱ्या असल्याची प्रमाणपत्रंही निघाली. त्या ढिगात मदर तेरेसांची सही असलेले चेंडूसुद्धा होते. (मदर कोणत्या संघाकडून खेळायच्या, हे विचारायला नको.) टोनी ग्विन या खेळाडूला तर स्वतःच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या भेटल्या. मग शिक्कामोर्तबावर शिक्कामोर्तब कुणी करायचं? पण प्रामाणिक पारख्याचं पत्र नीट वाचावं. त्यात ‘आमच्या मते’ हे शब्द असतात. तो सत्य विकत नाही, मत विकतो. त्या मताच्या जोरावर रात्री शांत झोपायचं, ही गिऱ्हाइकाची हौस. दुसरे म्हणतील, २००१पासून मेजर लीग बेसबॉलनं साक्षीदार नेमलेत, बरेचसे पोलिस खात्यातले, आणि ते डोळ्यांदेखत सही होताना बघून क्रमांकाचा होलोग्रॅम चिकटवतात. आता संशयात्मा हवा कशाला? जिवंत खेळाडूंपुरतं हे ठीक आहे. रूथ आणि गेहरिग मात्र पुन्हा सही करायला यायचे नाहीत. शिवाय ही व्यवस्था पारख्याचंच म्हणणं मान्य करते: शाई स्वतःहून खरं बोलत नाही, शेजारी माणूस उभा लागतो.

तिकडे क्रोनिनच्या चेंडूवाल्यानं फी भरली आहे. चेंडू पुन्हा आजोबांच्या रुमालात गुंडाळून तो निघालाय, दारापर्यंत पोचलाही होता. पण हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक भिंग चमकलं, आणि तिथली रांग जरा लहान दिसतेय.