मलावी ते नाशिक, व्हाया लिव्हिंग्स्टन

विमान वर चढलं की वेफर्सचं बंद पाकीट टम्म फुगतं. परदेशात सेवा करून परतणाऱ्या माणसाचंही तेच होतं. ब्लांटायरच्या चिलेका विमानतळावर मी ‘थोडीफार मदत केली हो’ असं म्हणत होतो. अदिस अबाबाला उतरेपर्यंत ‘आम्ही पुष्कळांना दृष्टी दिली’ इथवर मजल गेली. पुढच्या विमानात त्या ‘आम्ही’मधून एकेक डॉक्टर गळायला लागला, आणि मुंबईचे दिवे दिसले तेव्हा ‘आम्ही’मध्ये मी एकटाच उरलो होतो.

खरं काय ते आधी सांगून टाकतो, नंतर सांगवणार नाही. मी वीजखात्यातून निवृत्त झालेला माणूस. डोळ्यांशी माझा संबंध चष्म्यापुरता. भाच्याच्या ओळखीचे नेत्रतज्ज्ञ मोतीबिंदूच्या शिबिरासाठी मलावीला निघाले होते आणि त्यांना केसपेपर लिहायला, रांग लावायला कुणीतरी हवं होतं. रांगेतल्या माणसांची बोलणी शांतपणे ऐकून घेण्याचा माझा अनुभव दांडगा. “न्या की ह्यांना,” असं सौभाग्यवती इतक्या तत्परतेने म्हणाल्या की त्या तत्परतेचा विचार मी अजून केलेला नाही.

मलावी म्हटलं की आपल्याकडे मळवली ऐकू येतं. “लोणावळ्याजवळचं ना? मग पासपोर्ट कशाला?” असं मला संघातल्या तिघांनी वेगवेगळं विचारलं. (संघ म्हणजे आमचा ज्येष्ठ नागरिकांचा.) शेवटी मी ‘आफ्रिकेत चाललोय’ एवढंच सांगायला लागलो. त्यावर प्रश्न यायचा, “सिंह बघणार असाल!” सिंह नाही, मी एक तक्ता बघितला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच.

त्या तक्त्यावर एकच इंग्रजी ‘ई’ वर, खाली, डावीकडे, उजवीकडे तोंड करून छापलेला असतो. ज्या दिशेला त्याचे पाय, तिकडे रुग्णाने बोट दाखवायचं. अक्षरओळख नको, भाषा नको. मला चिचेवा येत नव्हती आणि समोरच्यांना मराठी, त्यामुळे काम सुरळीत चाललं. एका आजींनी मात्र सगळे ‘ई’ न चुकता माझ्या दिशेला दाखवले. त्यांना तक्ताच काय, भिंतही दिसत नव्हती. त्या माझ्या आवाजाकडे बोट करत होत्या. मग नाव लिहायचं, ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्यावर कपाळाला चिकटपट्टी लावायची आणि बाहुली मोठी होण्यासाठी थोड्या थोड्या वेळाने थेंब घालत राहायचं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडल्यावर त्या आजींनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, माझ्यावर आणली, आणि त्या खूप वेळ हसल्या. डॉक्टर म्हणाले, “काका, आनंद झालाय त्यांना.” मला एवढी खात्री वाटली नाही.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी वीज गेली. सगळे हळहळले. मी मात्र निघाल्यापासून पहिल्यांदा निर्धास्त झालो. इतक्या दूर येऊन शेवटी ओळखीचं काहीतरी घडलं होतं. जनरेटरवाल्याशी माझी दोस्ती तिथेच जमली. बोलणं जेमतेम इंग्रजीत, उरलेलं हातवाऱ्यांत. त्या देशाची बहुतेक वीज शिरे नदीवरची. मलावी सरोवरातून निघालेली ही नदी धबधब्यांवरून खाली येत झांबेझीला मिळते. जानेवारी २०२२ मध्ये आना चक्रीवादळाने कापिचिराचं जलविद्युत केंद्र असं झोडपलं, की देशाच्या विजेचा मोठा हिस्सा एका फटक्यात गेला. हे सांगताना त्याने ज्या तऱ्हेने मान हलवली, ती तऱ्हा जगभरच्या वीजखात्यांत एकच असावी.

शिबिराचा खरा कणा वेगळाच होता. मलावीत डोळ्यांचे डॉक्टर मोजके. बरंचसं काम डोळ्यांचं खास शिक्षण घेतलेले क्लिनिकल ऑफिसर करतात. त्यांतले काही मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही करतात. आमच्या शिबिरातल्या अशा एका ऑफिसरने महिनाभर आधी गावं पालथी घालून रुग्ण शोधले होते, ट्रकमध्ये बसवून आणले होते, आणि आम्ही गेल्यावर त्यांचे डोळे तपासायला तोच राहणार होता. मधल्या काळात त्याच्यावर आणखी एक काम पडलं होतं, आम्हाला सांभाळायचं. आमचं पाणी उकळून घेणं, आमचं पोट, आमचा शाकाहार. मक्याच्या पिठाची पांढरीशुभ्र न्सिमा आणि दाण्याचं कूट घातलेली पालेभाजी मिळाल्यावर मी त्याला म्हटलं, “हे तर आमच्याकडचंच.” तो हसला. बहुधा प्रत्येक पाहुणा आपापल्या देशाचं नाव घेऊन त्याला हे ऐकवत असणार.

एकदा मी त्याला, भारतातून आलेल्या माणसाने सांगावं त्या सुरात, खुपऱ्यांबद्दल दोन शब्द सांगायला लागलो. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, मलावीत खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जाहीर केलं. भारताबाबत ते २०२४ मध्ये जाहीर झालं, नाही का? हे त्याने इतक्या अदबीने सांगितलं, आणि वर “चहा घेणार?” असं विचारलं, की मी दोन कप प्यायलो.

अदिस अबाबाच्या विमानतळावर सेवेकऱ्यांची जत्राच भरलेली असते. प्रत्येक गटाचा एकेका रंगाचा टीशर्ट, पाठीवर देशाचं नाव. पिवळे विहीर खणून आलेले, हिरवे शाळा रंगवून आलेले, आम्ही निळे. आमच्यातला भूलतज्ज्ञ पोरगा म्हणाला, “काका, हिरव्यांनी रंगवलेली शाळा पुढच्या महिन्यात लाल टीशर्टवाले येऊन परत रंगवत असतील का हो?” मी त्याला गप्प केलं, हिरवे शेजारीच बसले होते. इथिओपियाचं पंचांग आपल्या नेहमीच्या कॅलेंडरपेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं आणि त्यांचं वर्ष तेरा महिन्यांचं असतं. पहिल्या हिशेबाने मी तिथे अजून नोकरीत होतो, दुसऱ्याने पेन्शन एक महिना जास्त. तेरावा महिना पाच-सहा दिवसांचाच असतो हे कळल्यावर उत्साह ओसरला.

शेजारी केरळच्या एक वयस्क सिस्टर बसल्या होत्या, साध्या साडीत. मी आमच्या शिबिराची हकिगत सांगितली (तोवर पाकीट बऱ्यापैकी फुगलेलं होतं). त्यांनी कौतुकाने ऐकली. तुम्ही कुठे असता, म्हटल्यावर त्यांनी कोंबड्यांचा विषय काढला. कॉन्व्हेंटच्या कोंबड्या कुणी चोरतंय, त्यांना संशय आहे पण पुरावा नाही, आणि नेमकं आत्ताच गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कोट्टायमला जावं लागतंय. मागे कोंबड्यांचं काय होणार? बोलता बोलता कळलं, की ज्याच्यावर संशय होता तो त्यांच्याच प्रसूतिगृहात जन्मला होता. त्याचा बापही. उठताना त्यांनी विचारलं, “परत कधी येणार तुम्ही?” मी बोर्डिंग पास शोधायला लागलो.

मग अरबी समुद्र. माझं मन खाली वळलं ते आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनकडे, कारण ब्लांटायरला नाव मिळालं ते त्याच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावाचं, आणि मी राहतो नाशिकच्या शरणपूर रोडला. त्याने मलावी सरोवरासाठी ‘लेडी न्यासा’ नावाची छोटी आगबोट बांधून घेतली होती. शिरेच्या धबधब्यांपाशी तिचे भाग सुटे करून वर न्यायचे, असा बेत. (माझ्या जनरेटरवाल्या मित्राचं कापिचिरा त्याच धबधब्यांपैकी.) बोट सरोवर न बघताच राहिली, ब्रिटिश सरकारने मोहीम गुंडाळली. पोर्तुगीजांना विकली तर ते गुलामांच्या व्यापाराला वापरतील, म्हणून १८६४ मध्ये हा गृहस्थ स्वतः कप्तान होऊन, मूठभर माणसं घेऊन, पावसाळा तोंडावर असताना झांझिबारहून निघाला आणि दीड महिन्याने मुंबईला लागला. बोट एवढीशी, की बंदरात कुणाचं लक्षही गेलं नाही. सहा हजार पौंडांची ती बोट पुढे तेवीसशेला गेली, आणि ते पैसे ज्या बँकेत ठेवले ती बँक बुडाली. सहकारी बँकेचा ठेवीदार या नात्याने मला या माणसाबद्दल फार जवळीक वाटते.

आफ्रिकेत परतताना त्याने बरोबर नेली नाशिकची पोरं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी मिशनने शरणपूरला शाळा काढली होती; तिथले नऊ जण १८६६ मध्ये त्याच्यासोबत गेले. पुढे त्याच शाळेतला जेकब वेनराइट त्याला जाऊन मिळाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याच्या माणसांनी हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, देह वाळवला आणि हजार मैलांहून जास्त पायपीट करत किनाऱ्यापर्यंत वाहून आणला. वेनराइट तर बरोबर लंडनला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीचा एक मानकरी झाला. म्हणजे नाशिकहून आफ्रिकेत जाऊन सेवा करण्याचा उद्योग दीडशे वर्षांपूर्वीच, आणि कैक पटींनी जास्त जिवावर उदार होऊन, झालेला होता. माझ्या मांडीवरच्या सामानात तेव्हा मलावीचे शेंगदाणे होते आणि सीटला गादी होती.

हे सगळं मनात असल्यामुळे मुंबईला उतरताना मी फार नम्र झालो होतो. नम्रता शहापूरपर्यंत टिकली. “साहेब, किती लोकांचे डोळे केले?” असं ड्रायव्हरने विचारलं आणि कसारा घाट चढता चढता पाकीट पुन्हा फुगलं. इगतपुरीला मी ‘हजारो’ म्हणालो. तो म्हणाला, “आमच्या आईचाबी झाला. थेंब दिवसाला चार वेळा की सहा?” मी म्हटलं, “डॉक्टरांना विचारा.”

कॉलनीच्या तोंडाशी फ्लेक्स लागलेला होता. माझा फोटो, शाल वगैरे आधीच पांघरवलेली. मजकूर: ‘मालदीव येथे निःस्वार्थ नेत्रसेवा करून परतलेल्या काकांचे हार्दिक स्वागत’. मागे नारळाची झाडं आणि निळाशार समुद्र.

“अहो, हे मालदीव नाही, मलावी,” मी संघाच्या सचिवांना म्हटलं. “तिथे समुद्रच नाही.”

“माहीत आहे हो,” ते म्हणाले. “पण फ्लेक्सवाल्याकडे पार्श्वभूमी हीच तयार होती. आणि मलावी लिहिलं असतं, तर लोकांनी मळवली वाचलं असतं.”

सौभाग्यवतींनी फ्लेक्स नीट निरखून बघितला. मग म्हणाल्या, “पुढच्या वेळी इथेच जाऊ. मीही येईन.”