शिबिराभ्यागतमीमांसा : होसकोटे प्रकरण

ग्रीष्मकालीन बालकलाशिबिरात एके दिवशी व्यावसायिक कलावंत येऊन जातो, या घटनेचा शास्त्रशुद्ध विचार आजवर झालेला नाही. भरतमुनींनी नाट्यगृहाची मापे दिली, प्रेक्षकाची लक्षणे सांगितली, विघ्ननिवारणार्थ जर्जराचीही योजना केली. परंतु प्रेक्षक सात वर्षांचा असून सतरंजीवर आडवा झाला असता नटाने काय करावे, याविषयी नाट्यशास्त्र मौन पाळते. ही उणीव दूर करणे प्रस्तुत प्रबंधाचे प्रयोजन होय.

सूत्र असे : ‘ग्रीष्मशिबिरे विलम्बेन प्रविशन् व्यावसायिकः अभ्यागतः।’ ‘ग्रीष्म’ पदाने स्नेहसंमेलनाचा निरास होतो. ‘व्यावसायिक’ पदाने संयोजकांच्या गिटार वाजवणाऱ्या मेहुण्याचा निरास होतो. ‘विलम्बेन’ हे पद अनावश्यक असल्याचा आक्षेप काही नवमीमांसक घेतात. तो ग्राह्य नाही. वेळेवर येणारी व्यक्ती प्रायः साउंडवाला असते.

अध्ययनक्षेत्र म्हणून होसकोट्याची निवड सहेतुक आहे. बंगळूरच्या पूर्वेस सुमारे 25 किलोमीटरवर, चेन्नईच्या रस्त्यावर हे तालुक्याचे गाव वसले आहे. शहरातून येणाऱ्या अभ्यागतास कृष्णराजपुरम ओलांडावे लागत असल्याने येथील विलंब नैतिक कोटीत न मोडता भौगोलिक कोटीत मोडतो. याला अपवाद एकच. हे गाव पहाटे मिळणाऱ्या दम बिर्याणीसाठी विख्यात आहे. त्या निमित्ताने अंधारातच घर सोडणारा कलावंत शिबिरात वेळेपूर्वी पोहोचतो, मात्र त्याचा आंगिक अभिनय बसूनच होतो. यास ‘पूर्वाह्णतृप्त’ म्हणावे.

ऐतिहासिक पूर्वपीठिकाही लक्षणीय आहे. 1638 मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत त्यासह होसकोटे, कोलार हा मुलूख मोडू लागला. त्या काळी या प्रदेशातील शिबिरांत बालकांस सहसा प्रवेश नसे. म्हणून तो कालखंड आम्ही सोडून देतो. खरा आधार सांगलीत सापडतो. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ तेथील संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले, विष्णुदास भाव्यांस तसे काही करण्याची आज्ञा केली आणि 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आले. अभ्यागतांच्या भेटीतून एक अख्खी रंगभूमी उत्पन्न झाल्याचे याहून भक्कम उदाहरण आमच्या शास्त्रास नको. सतरंजीवर त्या वेळी खुद्द संस्थानिक होते, इतकाच भेद.

आता वर्गीकरण.

1. निर्वेष. हा सदरा-विजार घालून येतो व आपण नट असल्याचे तोंडी सांगतो. ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी व पुढे वैभव मांगले यांनी रंगवली; अशी चेटकीण चष्मा लावून शिबिरात आली तर तिच्यावर विश्वास ठेवण्याचे कोणतेही प्रमाण बालकापाशी नसते. प्रत्यक्ष, अनुमान व शब्द यांपैकी येथे केवळ शब्द उरतो, आणि तोही संयोजकांचा.

2. सवेष. यक्षगानाचा किरीट, रंगलेले मुख, पायी घुंगरू. याविषयी प्रश्नप्रकरणात विस्ताराने येईल.

3. मालिकाख्यात. यास मुले ओळखत नाहीत. न्यायला आलेल्या माता ओळखतात. विस्ताराचे कारण नाही.

4. साधनधर. या वर्गाचा मुकुटमणी म्हणजे तोगलु गोंबेयाट, अर्थात चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ. तो परंपरेने करणारा शिळ्ळेक्यात समाज कन्नड मुलखात राहून घरात मराठीच्या वळणाची बोली बोलतो. याच परंपरेतील कोप्पळ जिल्ह्याच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना वयाच्या नव्वदीनंतर, 2025 मध्ये, पद्मश्री घोषित झाली.

छायाखेळास अंधार लागतो. एप्रिलमधील होसकोट्यात सकाळी अकरा वाजता अंधार नसतो. सबब खिडक्यांना चादरी बांधल्या जातात, पंखा सुरू होताच त्या फुगतात आणि रावणाच्या दहा मुखांपैकी कित्येक मुखांवर ऊन पडते. याच क्षणी बालसमाजात दोन संप्रदाय निर्माण होतात. अग्रवादी पडद्यासमोर बसून छायेस सत्य मानतात. पृष्ठवादी रांगत मागे जातात आणि काठ्या, दिवा व घामाने भिजलेला सूत्रधार हेच अंतिम तत्त्व मानतात. शांकरवेदान्ताची दिशा पाहता पृष्ठवादी सरस ठरतात; संयोजक मात्र त्यांस दंडास धरून परत आणतात. पुढील दहा मिनिटांत अग्रवादीही पृष्ठवादी होतात. छायेस सत्य मानणारा त्यानंतर एकटा मुख्याध्यापकच उरतो.

प्रश्नप्रकरण हा या शास्त्राचा गाभा होय. ‘कुणाला काही विचारायचे आहे का?’ या वाक्याने त्याचा आरंभ होतो. होसकोट्यात प्रश्न कन्नड, तेलुगू, उर्दू व इंग्रजीतून येतात. आशय मात्र भाषेगणिक बदलत नाही. प्रथम प्रश्न मिशीच्या सत्यत्वाचा. द्वितीय, ‘हे कातडे कुणाचे?’, जो बाहुलीकारास विचारला जातो आणि ज्याचे उत्तर ऐकून मागच्या रांगेतील एखादे बालक डबा बंद करते. तृतीय प्रश्न सर्वश्रेष्ठ आहे : एवढा वेष चढवल्यावर लघुशंकेस कसे जाता? कलावंताने तासभर ज्या गोष्टी सांगितल्या, म्हणजे साधना, गुरू, परंपरा, त्या सर्वांत न आलेले देहभान या एकाच पृच्छेत येते. अनुभवी यक्षगान कलावंत तिला सविस्तर उत्तर देतो. नवखा कलावंत संयोजकांकडे पाहतो. या एका कसोटीवर अभ्यागताची योग्यता निश्चित करावी, असे आमचे मत आहे. पुरस्कारांची यादी पाहण्याचे कारण नाही.

बिस्किटपूर्ववादी व बिस्किटोत्तरवादी यांच्यातील जुना वाद येथे मिटवणे प्राप्त आहे. बिस्किटोत्तरवाद्यांचे म्हणणे, तृप्त प्रेक्षक रसग्रहणक्षम असतो. प्रत्यक्षात तृप्त प्रेक्षक झोपतो.

निर्णय : अभ्यागतास बिस्किटांपूर्वी उभे करावे. पडद्याच्या दोन्ही बाजूंस सतरंज्या अंथराव्यात. तृतीय प्रश्नासाठी पाच मिनिटे राखून ठेवावीत. मिशीच्या प्रश्नाची कार्यक्रमपत्रिकेत नोंद करण्याची आवश्यकता नाही. तो विचारला जाईलच.