पस्तीस मिनिटांची अमरावती

दोन विमानतळांमधले अंतर सांगणाऱ्या यंत्राला विचारा, गोंदियाच्या बिरसीहून अमरावतीचे बेलोरा किती लांब? ते पटकन सांगते: सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर, उडायला पस्तीस-चाळीस मिनिटे. घड्याळातला फरक शून्य. एवढे कळल्यावर माणूस बॅग भरायला घेतो. त्या मार्गावर विमान आहे का, हे त्याने विचारलेले नसते आणि यंत्रानेही सांगितलेले नसते.

थेट विमान नाही.

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. प्रवाशांचे पहिले नियमित विमान तिथून उडाले मार्च २०२२ मध्ये. मधली ऐंशी वर्षे बोर्डिंग चालू होते असे समजा. ती इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा काही महिन्यांतच बसली. मग डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबाद-तिरुपतीचे विमान आले. तिकडे बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे विमान लाभले, तेही सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस. हे दोन शुभारंभ कागदावर जोडले की विदर्भातून विदर्भात जाण्याचा हवाई मार्ग तयार होतो: बिरसीहून हैदराबाद, तिथून मुंबई, मुंबईहून अमरावती. साडेसोळाशे किलोमीटर तर सहज. पुतण्याच्या साक्षगंधाला निघालेला माणूस लग्नाला पोचेल, आणि घरचे म्हणतील, बरे झाले वेळेवर आलात.

तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्याच्या पानठेल्यावर हा हिशेब जरा वेगळा मांडला जातो. समोर बावनथडीचा पूल, पुलापलीकडे मध्य प्रदेश. परराज्यात पायी जाता येते, याचे इथे कुणाला अप्रूप नाही. पण नकाशावर बिरसी ते बेलोरा सरळ रेषा काढली की लक्षात येते, ती तुमसरच्या डोक्यावरून जाते. म्हणजे उद्या थेट विमान सुरू झालेच, तर बपेऱ्याच्या माणसाने आधी तुमसर, मग तिरोडा, मग गोंदिया आणि गोंदियाच्याही पुढे कामठ्याजवळ बिरसी गाठायचे, तपासणीत पट्टा काढायचा, पुन्हा बांधायचा, आणि विमानात बसून परत तुमसरवर यायचे.

“मंग तुमसरले हाल्ट द्या म्हणा ना गा,” ठेल्यावरून सूचना आली. सूचना विचारार्ह आहे. आपल्याकडे आमदारांच्या पत्रावर रेल्वेचे थांबे मागतात, विमानाचेही मागता येतील.

रेल्वेचा थांबा मात्र आहेच: तुमसर रोड स्थानकावर थांबणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून निघते आणि बडनेऱ्यावरून पुढे कोल्हापूरला जाते. बेलोरा विमानतळ त्याच बडनेऱ्याजवळ. ही गाडी कशी चालते ते विदर्भाला सांगायला नको. तिच्या नावाने बोटे मोडत पिढ्या पुण्याला शिकून आल्या.

प्रश्न उरला चिन्नोर तांदळाच्या कट्ट्याचा. अमरावतीला लेकीकडे जाणारा बपेऱ्याचा म्हातारा तांदूळ घेतल्याशिवाय निघत नाही, आणि विमानात सामान पंधरा किलो. त्यावर ठेल्याने तोडगा काढला: म्हाताऱ्याने विमानाने जावे, कट्टा महाराष्ट्र एक्स्प्रेसने पाठवावा. लेकीने कट्टा उतरवून घ्यावा, तांदूळ निवडावा, आणि बाबा मुंबईहून निघाल्याचा फोन आला की भात टाकावा.