वाफवैद्य

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी मंडळात तबला वाजवणारा एक, जमाखर्च मागणारा एक आणि वाफवैद्य एक असतोच. पहिले दोघे सभागृहात भेटतात. तिसरा पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसून वास घेत असतो. त्यांना काका म्हणायचं. वायटूकेच्या लाटेत अमेरिकेला आले, एडिसनला घर घेतलं, मुलं शिकून कॅलिफोर्नियाकडे गेली. आता जिव्हाळ्याचं म्हणून उरलं आहे ते २००७ सालच्या एका जपानी गाडीच्या डॅशबोर्डवरचं पिवळं ‘चेक इंजिन’.

‘‘इंजिनाला काहीही झालेलं नाही,’’ काका सुरुवात करतात. नवखा माणूस ‘मग बरंच झालं’ म्हणून निघू बघतो, आणि तिथेच फसतो. ‘‘अरे, थांब. वाफ गळतेय.’’

पेट्रोल उभ्या गाडीतही उडत असतं. ती वाफ हवेत सोडायची नाही, असा नियम कॅलिफोर्नियात १९७० पासून आणि देशभर १९७१ पासूनच्या गाड्यांना लागू झाला. हा नियम काका हागेन-स्मिटपासून सांगतात. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं मूळ न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि ऊन यांत आहे, हे पन्नासच्या दशकाच्या आरंभी दाखवणारा हा रसायनशास्त्रज्ञ त्याआधी अननसाच्या वासावर संशोधन करत होता. ‘‘नाक, नाक महत्त्वाचं!’’ असं म्हणून काका स्वतःच्या नाकावर टिचकी मारतात. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाते; गाडी धावू लागली की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळतं. पुढे नव्वदच्या दशकात गाडीला स्वतःची गळती स्वतः तपासण्याची आणि चुगली करण्याची सक्ती झाली. काकांच्या गाडीची चुगली ‘पी०४५६’ या कोडची आहे. अर्थ : अगदी बारीक गळती. भोक अर्ध्या मिलिमीटरचं असलं तरी पुरे.

या अर्ध्या मिलिमीटरने काकांचं निवृत्त आयुष्य भरून टाकलं आहे. पहिला संशय झाकणावर, म्हणून झाकण बदललं. मग झाकणाचं रबर चांगलं नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचं आणलं. नळ्यांना साबणाचं पाणी लावून झालं. एखाद्या कीर्तनकाराला पूर्वरंगात रस असतो तसा काकांना निदानात. उत्तररंगाची म्हणजे दुरुस्तीची त्यांना अजिबात घाई नाही. या जातीच्या काही गाड्या बंद केल्यावर साधारण पाच तासांनी आपल्या आपण जाग्या होतात. एक छोटा पंप आधी अर्ध्या मिलिमीटरच्या नमुना-छिद्रातून हवा ओढून माप घेतो, मग टाकी ओढून बघतो. रात्री नऊला गाडी लावली, तर ही परीक्षा पहाटे दोनला. काका त्या वेळी स्वेटर घालून गराजमध्ये गाडीच्या बुडाला कान लावून असतात. ‘‘अहो, शेजारचे पोलीस बोलावतील,’’ असं काकू वरून ओरडतात, तर काका हात वर करून ‘शूऽऽ’ म्हणतात. पंप चालू झालेला असतो.

मध्येच त्यांना कोळ्यांचा शोध लागला. २०११मध्ये माझ्दाने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण पेट्रोलच्या वासाला भुलून एका जातीचे पिवळे कोळी वाफेच्या नळीत जाळी विणत होते. गोष्ट शंभर टक्के खरी आहे. काकांची गाडी माझ्दा नाही, हेही खरं आहे. तरी त्या आठवड्यात गराजमधलं एकही जाळं शिल्लक राहिलं नाही, आणि काकूंच्या मते संपूर्ण प्रकरणातून घराला झालेला हा एकमेव फायदा.

वास्तविक इलाज सोपा आहे. गराजवाला शे-दीडशे डॉलर घेऊन यंत्राने नळ्यांत धूर सोडतो. जिथून धूर येईल तिथे भोक. हा उपाय सुचवून बघा. काका दुखावतात. ‘‘धूर काय, कुणीही सोडेल. त्यात डोकं कुठे लागतं?’’ मला तर वाटतं, भोक सापडण्याचीच त्यांना धास्ती आहे. मग रविवारी करायचं काय?

पण दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी येते आणि पिवळा दिवा असेल तर गाडी नापास. इथे वाफवैद्याचा मुत्सद्दी होतो. वीस डॉलरच्या स्कॅनरने तो कोड पुसून टाकतो. कोड पुसला की गाडीच्या सगळ्या आत्मपरीक्षा कोऱ्या होतात, पण २००१नंतरच्या गाडीची एक परीक्षा अपुरी असली तरी चालते. म्हणजे बाकीच्या होऊ द्यायच्या आणि वाफेची तेवढी होऊ द्यायची नाही! ती टाळायची कशी? टाकी काठोकाठ असेल तर गाडी ही परीक्षा घेतच नाही. म्हणून तपासणीच्या आधीचा आठवडा काका रोज पंपावर.

न्यू जर्सीत १९४९च्या कायद्याने पेट्रोल स्वतः भरायला बंदी, तेव्हा भरणारा पोऱ्या असतो, बहुधा पंजाबी. नळी खट्‌कन बंद होते. आकडा नऊ डॉलर बासष्ट सेंट.

‘‘पाजी, राउंड फिगर कर दो.’’

‘‘अंकल, खटका पडल्यावर भरू नये. पेट्रोल कोळशाच्या डब्यात शिरतं. कोळशाचा चुरा होतो, कण व्हॉल्व्हमध्ये अडकतात, मग व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि वाफ गळते,’’ पोऱ्या त्याच्या हिंदीत सांगतो.

काका खिडकीची काच पूर्ण खाली घेतात. मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत असतात.

‘‘बेटा, तुम हागेन-स्मिट का नाम सुना है?’’