रोल नंबर भाच्याचा, उद्योग मामाचे

आमच्या घरच्या संगणकाने ऐन दिवाळी अंकाच्या तोंडावर मान टाकली. संपादकांचा रोज फोन, आणि मोबाइलवर अंगठ्याने लेख लिहायचा म्हटलं तर माझा एक अंगठा तीन अक्षरं दाबतो. तेव्हा भाचा कामी आला. इथेच, आदिलाबादेत, एका कॉलेजात तो दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने ग्रंथालयाच्या मॅडमना गळ घातली, आमचे मामा लेखक आहेत वगैरे सांगितलं. मॅडम नाखुशीनेच म्हणाल्या, "सकाळी गर्दी नसते, तेव्हा बसू देत. पण लॉगिन तुझं, रोल नंबर तुझा आणि जबाबदारीही तुझीच."

शेवटच्या शब्दाकडे भाच्याने लक्ष दिलं नाही. तो एकोणीस वर्षांचा आहे, त्याचं चालून जातं. माझ्या बाबतीत अशी काही सोय नाही.

ग्रंथालयात शिरल्या शिरल्या समोर ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन यांचा फोटो आणि त्याखाली त्यांची १९३१ची पाच सूत्रं. त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, हे मला मनापासून पटलं. त्याच्याखाली संगणक वापरण्याचे नियम होते, एका बाजूला तेलुगूत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत. माझं तेलुगू कापसाच्या यार्डात भाव करण्यापुरतं फर्डं आहे, पण वाचायची वेळ आली की गाडी बसच्या पाटीपुढे जात नाही. इंग्रजी वाचता येतं, पण त्याचा टाइप बारीक होता आणि चष्मा घरी. खरं सांगायचं तर नियम पोरांसाठी असतात, ही माझी जुनी समजूत. म्हणून वाचकाचा, म्हणजे माझा, वेळ वाचवून मी थेट खुर्चीत बसलो.

लेख मार्लवाई या गोंडांच्या गावावर होता. १९४०मध्ये जोडेघाटला गोंडांचे पुढारी कुमरम भीम मारले गेले आणि गोंडांच्या मनात एवढा राग का साठला हे समजून घ्यायला निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. त्यांनी मार्लवाईत मुक्काम ठोकला. पुढे तिथे गोंड तरुणांना शिक्षक करण्याचं केंद्र निघालं आणि गोंडीतली वाचनपुस्तकं छापली गेली ती देवनागरीत. (मार्लवाई २०१६च्या विभाजनात आसिफाबाद जिल्ह्यात गेलं, पण आम्ही अजून आपलंच म्हणतो.) तर त्या डोंगरातल्या पोरांनी ऐंशी वर्षांपूर्वी देवनागरी गिरवली, आणि इथे पंख्याखाली बसून मला 'ळ' सापडेना. 'शाळा' लिहायला जावं तर 'शाला'. सगळा लेख संस्कृत नाटकासारखा वाटायला लागला.

शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा बराच वेळ माझी धडपड बघत होता. अखेर त्याला राहवलं नाही. "अंकल, शिफ्ट पकडके एन मारो."

मारला. 'ळ' उमटला. पोरगा तेलुगू, मराठी त्याला वाचता येत नव्हतं. मी विचारलं, तुला रे कसं ठाऊक? म्हणाला, "हमारा भी वहींच है." इन्स्क्रिप्ट कीबोर्डची हीच गंमत. लिपी कुठलीही असो, एका उच्चाराची कळ एकच. भारतीय मानक ब्यूरोने १९९१च्या मानकात तो आराखडा दिला, आणि एवढी वर्षं मराठीत लिहून ही बातमी मला एका तेलुगू पोराकडून कळावी! मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानेही लागलीच भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. एकाला पंचेचाळीस मिनिटं, असा नियम होता म्हणे. माझ्या मागे रांग लागली होती आणि रांगेतला पहिला नोकरीच्या अर्जाची मुदत संपत आली म्हणून घामाघूम झाला होता.

मी घाईघाईने फाइल डेस्कटॉपवर ठेवली. नाव दिलं 'अंतिम'. मग एक वाक्य सुधारलं आणि दुसरी ठेवली, 'खरे अंतिम'. रजिस्टरात जाण्याची वेळ मांडली, सही ठोकली आणि चहाला बाहेर पडलो.

संपादकांनी पाठवलेले फोटो उतरवून घ्यायला मी त्या संगणकावर व्हॉट्सअॅप उघडलं होतं. ते तसंच चालू राहिलं. परत आलो तर पोरं भलत्याच आदराने उठून उभी राहिली. अर्ज भरणारा नम्रपणे म्हणाला, "अंकल, आंटी पूछ रही, बीपी की गोली लिए क्या?" दुसऱ्याला मराठी येत होतं, दुर्दैव माझं. तो म्हणाला, "काका, शेपू आणायला सांगितलाय. आणि कालच्यासारखी वाळलेली जुडी आणली तर तुम्हीच निवडायची, असं आहे." संदेश एकूण बरेच होते. बाकीचे त्याने वाचले, पण सांगितले नाहीत, हे त्याचे संस्कार. मोबाइलमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन घरबसल्याही ते बंद करता येतं, हे त्यानेच शिकवलं.

तेवढ्यात करंट गेला. यूपीएसने दोनदा टाहो फोडून प्राण सोडला. करंट आला, संगणक सुरू झाला आणि पाहतो तो डेस्कटॉप लख्ख. 'अंतिम' नाही, 'खरे अंतिम'ही नाही.

मॅडमनी शांतपणे सांगितलं, "काका, डीप फ्रीझ आहे ना. मशीन बंद करून चालू केलं की होतं तसं होतं. पोरांचे गेम, व्हायरस, हिरोंचे फोटो, सगळं साफ. म्हणून तर लिहिलंय भिंतीवर, काम पेन ड्राइव्हवर नाहीतर मेलवर ठेवा म्हणून."

"फ्रीझ आहे तर थोडं वितळवून बघता येणार नाही का?" मी विचारलं.

मॅडमनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

लेख पुन्हा लिहिला. या वेळी झेरॉक्सवाल्याकडून पेन ड्राइव्ह उसना आणला. स्कॅन न करता लावला आणि अँटिव्हायरसने सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा गजर केला, तो भाग सोडून देऊ. शेवटी लेख मेलने गेला. एकदाचा सुटलो.

पण या सगळ्यातून मी एक भलताच धडा घेतला. हे यंत्र सगळं विसरतं, मग इथे भीती कसली? लेकीसाठी स्थळं बघणं चाललं होतं, घरात तिच्यासमोर बघता येत नाही. तेव्हा लेखाच्या निमित्ताने जायचं आणि विवाहाच्या साइटवर निवांत किनवट, पांढरकवडा, नांदेडकडची मुलं चाळायची. किनवट तर १९५६पर्यंत आमच्याच जिल्ह्यात, आणि आमच्या सोयरिकी राज्यपुनर्रचना मानत नाहीत. कुठे पगार बघ, कुठे पत्रिका बघ. उठताना मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं, की पुरावा साफ.

मशीन विसरतं, कॉलेजचा सर्व्हर विसरत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे भिंतीवर लिहिलं असणारच. कोणत्या लॉगिनवरून कोणती साइट किती वेळ उघडली, याची नोंद तिकडे वेगळी राहते.

रात्री ताईचा फोन आला. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "दादा, कॉलेजातून बोलावणं आलंय. पोरगं लायब्ररीत बसून लग्नाची स्थळं बघतं म्हणे. रोज! दुसऱ्या वर्षाला आहे रे तो. यांना अजून सांगितलं नाही मी. तुझं ऐकतो तो, तूच जरा समजाव."

"समजावतो," मी म्हटलं. "या वयात होतं असं."

दुसऱ्या दिवशी भाचा आला. मी दार लोटून घेतलं, घसा खाकरला. तो पलंगावर मांडी घालून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"मामा, बिर्याणी."

"एक?"

"फॅमिली पॅक. आणि आईला काय सांगायचं ते तुम्ही लिहून द्या. तुम्ही लेखक आहात."