आत्ताच उडाला

सोनगीरचे पक्षीमित्र सर कुणाला पक्षी दाखवत नाहीत. पक्षी जिथे बसला होता ती फांदी दाखवतात. "तिकडं बघ, बाभळीच्या शेंड्याला... गेला! आत्ताच होता." डोक्याला माकडटोपी, गळ्यात दुर्बीण, पिशवीत सलीम अलींचं कोपरे दुमडलेलं पुस्तक. अशी माणसं हल्ली प्रत्येक तालुक्यात निघतात, पण आमचा नमुना अस्सल खानदेशी.

डिसेंबरात पहाटेच फटफटी निघते, पण गाव काही सुटत नाही. 'टुक टुक टुक' ऐकू आलं की सर ब्रेक दाबून पिंपळावर दुर्बीण रोखतात. तांबट पक्षी थंडीत बहुधा गप्प असतो, हे आम्हाला शिकवलं त्यांनीच. ठोके पडत असतात तांब्याच्या हंड्यावर. सोनगीरचं नाव भांड्यांसाठीच तर आहे. कारागीर हसतो, चहा पाजतो, तोवर उजाडतं.

नकाण्याच्या तलावाकाठी सर घोट्याएवढ्या चिखलात उभे. शेकाट्या, धोबी, थापट्या बदकं यांची नोंद ते वर्गातल्या हजेरीसारखी भराभर उरकतात. डोळे चक्रवाकाच्या वाटेकडे. तो म्हणे कालपर्यंत इथंच होता. मेंढ्या घेऊन निघालेला ठेलारी थबकून विचारतो, "काय भाऊ, ढोर हारपी गयं का?"

"हां ना भाऊ," सर गंभीरपणे सांगतात, "लडाखकडून येणार होतं."

या चिकाटीला आधार आहे रानपिंगळ्याचा. जेम्स डेव्हिडसन या गोऱ्या मुलकी अधिकाऱ्यानं १८८४ साली आपल्या खानदेशातच त्याचा नमुना मिळवला आणि पुढं ११३ वर्षं हा पठ्ठ्या कुणाला दिसलाच नाही. मधल्या काळात कर्नल माइनर्ट्झहागननं १९१४ सालचा म्हणून एक नमुना पुढं केला, पण तो संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी डकवलेला निघाला. ही लबाडी उघडकीला आणणाऱ्या पामेला रासमुसेन नोव्हेंबर १९९७ मध्ये साथीदारांसह शहाद्याजवळ आल्या, तर रानपिंगळा भर उजेडात झाडावर बसलेला! तेव्हापासून सरांच्या वहीत 'नाही' हा शेरा नाही. 'अद्याप नाही' असतो.

दुपारी अनेरच्या जंगलात कळण्याची भाकरी, ठेचा आणि बरीचशी पानगळ. परतताना मात्र एक पिंगळा चक्क समोरच्या खोडावर बसून राहिला. सोबतच्या पोरानं फोन काढला. "सर, रानपिंगळा! टाकू ग्रुपवर?"

सरांनी दुर्बीण लावली. पक्षी उडाला नाही, त्यामुळे ते जरा गोंधळलेच. मग म्हणाले, "टाळक्यावर ठिपके बघ. रानपिंगळ्याचं टाळकं जवळजवळ कोरं असतं. हा आपल्या शाळेच्या पत्र्याखाली राहतो, त्यातलाच."

"पण सर, कुणाला कळणारे?"

"माइनर्ट्झहागनलाही हेच वाटलं होतं," सर म्हणाले आणि फटफटीला किक मारली.