वाढत्या अंगाचे नाना

नानांच्या हिशेबात कुठलंही मूल आजच्या तारखेला नसतंच. ते कायम दोन-तीन वर्षं पुढं कुठंतरी उभं असतं आणि शर्ट, बूट, दप्तर, सायकल हे सगळं त्याला तिथं पोचतं करायचं असतं. आज घरात जे मूल वावरतं त्यानं त्या वस्तू तोवर फक्त सांभाळायच्या. बाह्या दुमडून, पँटला आतून टीप मारून, बुटात पुढं कापूस कोंबून.

ही जात दुर्मिळ नाही. जून महिन्यात गणवेशाच्या कुठल्याही दुकानात उभे राहा, पोराला खांद्याला धरून काउंटरसमोर फिरवत ‘जरा मोठा दाखवा हो, वाढतं अंग आहे’ म्हणणारे बाप दर पाच मिनिटाला भेटतील. पण ते हौशी. शाळा सुरू झाली की विसरतात. नाना या विषयात बारमाही. आणि गंमत अशी, की हा मनुष्य अख्खी नोकरी मापं घेऊन जगला. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज हातात घेऊन बसायचे. गेजची एक बाजू भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. गेली तर माल रिजेक्ट. केसाच्या जाडीएवढ्या फरकावरून त्यांनी पेट्याच्या पेट्या परत पाठवल्या आहेत आणि ते सांगताना अजून त्यांचा चेहरा उजळतो. पाच वाजता भोंगा झाला, सायकल घराकडं वळली, की मात्र सगळंच ‘गो’. घरच्या मालाला फक्त एक नियम: दोन बोटं मोठा हवा.

त्यांच्या मुलाकडून ऐकलेलं सांगतो. त्याला शाळेची खाकी चड्डी पाचवीत घेतली. ती कमरेला करदोट्यानं आवळून त्यानं पाचवी, सहावी काढली. सातवीत ती नेमकी बसायला लागली आणि आठवीपासून शाळेनं फुलपँट सक्तीची केली. ‘माझ्या आयुष्यात एक वर्ष असं होतं,’ तो म्हणतो, ‘की मी माझ्या कपड्यांत होतो.’ आता तो कॅनडात मिसिसागाला असतो, आमच्या गल्लीच्या टोकाला. नाना सुपर व्हिसावर आले आणि येताना नातवाच्या मुंजीचा झब्बा घेऊन आले. मुंज होऊन गेली, फोटोही आले. फोटोत झब्बा उत्तम दिसतो. मुलगा शोधावा लागतो.

नातू आठ वर्षांचा. तो हॉकी खेळतो हे कळल्यावर नानांना केवढा आनंद! खडकीच्या माणसाला हॉकी म्हणजे घरचं. धनराज पिल्ले खडकीचा. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मातीवर, मोडक्या स्टिकांनी खेळून तो देशाचा कप्तान झाला, हे नाना या देशात भेटेल त्याला सांगतात, पोस्टमन धरून. मग पहिल्या शनिवारी सकाळी सहाला ते रिंकवर गेले आणि त्यांना कळलं की इथली हॉकी बर्फावर असते, चेंडू नसतो आणि पोरं कपड्यांच्या आत अख्खं चिलखत घालून येतात. ते क्षणभर गप्प झाले. पण खेळ आवडला. संध्याकाळी टीव्हीवर पंजाबीतली कॉमेंट्री लावून बसायला लागले. ‘हॉकी नाइट’ पंजाबीत 2008 पासून होते आहे, मग मराठीत का नाही, असा एक अर्ज त्यांच्या मनात तयार आहे. कुणाला पाठवायचा एवढंच ठरायचं आहे. टोरोंटोच्या मेपल लीफ्सनी स्टॅनली कप शेवटचा जिंकला 1967 साली, हे कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘तपासणी खातं कुणाकडं आहे?’

खेळाला लागणारं सामान बघून मात्र त्यांनी सूत्रं हातात घेतली. हेल्मेट, त्याची जाळी, गळ्याचा पट्टा, खांद्याचे, कोपराचे, मांडीचे, नडगीचे पॅड, हातमोजे, स्केट्स. सूनबाई अकाउंटंट आहेत. त्यांनी यादी केली, किमती लिहिल्या आणि जुन्या सामानाच्या दुकानात जायचं ठरवलं. इथली शहाणी माणसं हेच करतात, कारण पोर एका हंगामात जेवढं सामान झिजवतं त्यापेक्षा जास्त सोडून पुढं जातं. नाना म्हणाले, मी येतो.

हेल्मेटपाशी त्यांनी हुज्जत घातली नाही. मागं सीएसएचा शिक्का होता, आणि तपासणीच्या शिक्क्यापुढं नाना आजही अटेन्शनमध्ये उभे राहतात. गडबड झाली स्केट्सपाशी. दुकानातल्या पोरानं नातवाचा पाय मापला आणि सांगितलं की हॉकीचा स्केट नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान घ्यायचा असतो. नानांनी ते सुनेकडून दोनदा मराठीत वदवून घेतलं. लहान? आयुष्यात पहिल्यांदाच कुणी दुकानदार त्यांना वाढत्या पोरासाठी बुटापेक्षा लहान नंबर घ्या म्हणत होता. ते बाकावर बसले. पाणी मागितलं. सूनबाईंना वाटलं, प्रकरण मिटलं. पण त्या बिल करायला गेल्या तेवढ्यात नानांनी शिनगार्डच्या खोक्यात हात घातला आणि दहा इंची सोडून बारा इंची जोडी उचलली. स्केटमध्ये गेलेलं नडगीत वसूल.

आता शिनगार्ड ही वस्तू अशी आहे, की वाढत्या अंगाच्या तत्त्वज्ञानाला ती अजिबात दाद देत नाही. मुलांचे सात-आठ इंचांपासून सुरू होतात, मोठ्या माणसांचे सोळा-सतरापर्यंत जातात, आणि एकेका इंचानं चढतात. वर प्लॅस्टिकची एक वाटी असते. गुडघ्याची वाटी बरोबर तिच्या मधोमध बसावी लागते. खालचं टोक स्केटच्या बुटाच्या वरच्या काठाशी संपावं लागतं. लहान पडला तर बूट आणि गार्ड यांच्यामध्ये नडगीची एक उघडी पट्टी राहते, आणि पक बरोबर तेवढीच पट्टी हुडकून काढतो. हा पक म्हणजे घट्ट रबराची चकती, वजन साधारण 170 ग्रॅम. मोठा पडला तर खालचं टोक बुटावर आपटून घोटा वाकू देत नाही आणि वरची वाटी गुडघा सोडून मांडीवर चढते. स्केटिंग म्हणजे सगळं गुडघ्यात आणि घोट्यात वाकणं. म्हणजे बाह्या दुमडता येतात, पण प्लॅस्टिक दुमडता येत नाही. नाडी आवळून भागत नाही. कापूस कोंबायला जागा नाही.

पुढच्या शनिवारी नातू बर्फावर उतरला तो पायाला गेड्या बांधल्यासारखा. वरून मोजे चढवलेले, त्यांवर चिकटपट्टीचे वेढे, सगळं नानांच्या हातचं, त्यामुळे बाहेरून कुणाला काही कळत नव्हतं. फक्त पोरगं वाकत नव्हतं. या वयाची पोरं बहुतेक अर्ध्याच बर्फावर खेळतात. हा त्या अर्ध्यातल्या एका कोपऱ्यात सरळ उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट देत होता. पडला की आडवा पडायचा आणि उठवावा लागायचा. कोच ब्रॅम्प्टनचा सरदारजी. त्यानं दोनदा उठवलं, मग खाली बसून नडगीवर स्टिक वाजवली, वरपर्यंत वाजवत गेला, मांडीपाशीही प्लॅस्टिकच वाजलं. बाकाकडं येऊन म्हणाला, ‘अंकलजी, ये पॅड किसके हैं?’

‘इसके,’ नाना म्हणाले.

‘और ये खुद कब आएगा?’

घरी सूनबाईंनी वही काढली. ‘नाना, या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. सगळं काही नडगीत जात नाही. चौथा हिस्सा धरू. दीड सेंटिमीटर. तुम्ही आणलेत दोन इंच जास्त, म्हणजे पाच सेंटिमीटर. हे गार्ड त्याला बसतील तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा असेल.’

‘बघ!’ नाना म्हणाले. ‘टिकाऊ आहेत.’

त्या माणसाला हरवणं अवघड. पण बदल झाला, आणि तो सूनबाईंच्या हिशेबानं झाला नाही. नातवानं मोजे काढले तेव्हा घोट्याच्या वर, जिथं प्लॅस्टिकचं टोक रुतत होतं तिथं, दोन्ही पायांवर लाल वळ होते. अगदी एकाच उंचीवर. नानांनी चष्मा लावून पाहिलं. कुणालाच काही बोलले नाहीत. आत गेले आणि बॅगेच्या तळातून फॅक्टरीच्या दिवसांतला व्हर्नियर काढला.

त्यानंतर त्या संघात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नानांनी आधी पक मापला. जाडी 25.4 मिलिमीटर, व्यास 76.2. ‘बरोब्बर एक इंच आणि तीन इंच,’ ते समाधानानं म्हणाले, ‘माल चांगला आहे.’ मग नातवाला खुर्चीवर बसवून, गुडघा काटकोनात, पायात स्केट बांधून वाटीच्या मध्यापासून बुटाच्या काठापर्यंत पट्टी लावली. तिथं एक पेच निघाला. स्केटची जीभ गार्डच्या आत खोचायची की बाहेर, पुढं पाडायची? माप त्यावर बदलतं. हा प्रश्न त्यांनी कोचला, दुकानातल्या पोराला, बर्फ गुळगुळीत करणारं ते झांबोनी यंत्र चालवणाऱ्याला, सगळ्यांना विचारला. तिघांनी तीन उत्तरं दिली. नाना हळहळले. ‘इतका जुना खेळ आणि ड्रॉइंग नाही कुणाकडं!’ अखेर जीभ आत, असं त्यांनी स्वतःच्या सहीनं ठरवलं.

मग जाड पुठ्ठ्याची गेजं झाली. नऊ, दहा, अकरा, बारा इंची. एका टोकाला हिरवा ठिपका, दुसऱ्याला लाल. ड्रेसिंग रूममध्ये पोरं आधी गार्ड, मग मोजे, मग मांडीची पँट, मग स्केट या क्रमानं चढवत असताना नाना बाकाच्या टोकाला बसायचे आणि एकेक नडगी तपासायचे. पहिल्यांदा आया जरा बिचकल्या. पण एका पोलिश बाईंच्या मुलाचा गार्ड तीन महिने पोटरीवर फिरत होता तो नानांनी दोन मिनिटांत पट्ट्या उलटसुलट करून जागेवर आणला, तेव्हापासून रांग लागायला लागली. इंग्रजीची अडचण आलीच नाही. त्यांना दोनच शब्द लागायचे आणि ते त्यांना सत्तरीच्या दशकापासून येत होते. ‘गो.’ ‘नो-गो.’ एकदा एका धिप्पाड वडिलांनी, साहजिकच वाढत्या अंगाचा विचार करून, मुलाला दीड इंच मोठी जोडी आणली. नानांनी लाल ठिपका लावून दाखवला, मान हलवली आणि मला म्हणाले, ‘सांगा यांना. पोर आज खेळणार आहे ना? मग आजचं घ्या म्हणावं.’ मी भाषांतर केलं. अगदी गंभीर चेहऱ्यानं केलं.

माणूस बदलला, असं आम्ही धरून चाललो. सूनबाईंनी आईला फोनवर सांगितलंसुद्धा. नातवाला दहा इंची गार्ड आले, वाटी वाटीवर बसली, पोरगं वाकायला लागलं, पळायला लागलं, एक गोलही झाला. तो त्याच्या पायाला लागून गेला की स्टिकला, यावर मतभेद आहेत. नानांच्या मते शिनगार्डला लागून गेला.

मग मार्चमध्ये तळघरात पाणी आलं. बर्फ वितळतो तेव्हा इथं येतं. सामान हलवताना बॉयलरच्या मागं एक फळी दिसली, भिंतीत नीट स्क्रू मारून बसवलेली. तिच्यावर शिनगार्ड. अकरा इंची, बारा इंची (तीच ती जोडी, पुसून), तेरा, चौदा, आणि शेवटी पंधरा, पूर्ण वाढलेल्या पुरुषाच्या मापाचे. कुणाच्या गॅरेज सेलमधून एक, संघाच्या देवघेवीच्या दिवशी दुसरा, शेजाऱ्याचा थोरला मुलगा खेळ सोडून गेला त्याचा तिसरा. प्रत्येकावर वयोगटाची चिठ्ठी, नानांच्या वळणदार अक्षरात: यू-11, यू-13, यू-15, यू-18. खाली ‘तपासले’ आणि सही. दुकानात घ्यायचं ते आजचं, याबद्दल नाना वचनाला पक्के राहिले होते. उद्याचं त्यांनी नुसतं वेगळ्या खात्यावर टाकलं होतं.

सूनबाई काही बोलणार होत्या. यू-18च्या चिठ्ठीकडं बघून थांबल्या. तेव्हा नाना किती वर्षांचे असतील हा हिशेब अकाउंटंटला करायला किती वेळ लागतो? वही त्यांनी काढली नाही. ‘वरच्या मजल्यावर ठेवू या, इथं ओल येते,’ एवढंच म्हणाल्या.

पाचही जोड्या वर गेल्या, जिन्याशेजारच्या कपाटात मापाप्रमाणे लागल्या. नातू पायरीवर बसून ही मिरवणूक बघत होता.

‘आजोबा,’ तो म्हणाला, ‘मला पुढच्या सीझनला गोली व्हायचंय.’

घरात शांतता पसरली. गोलकीपर हे शिनगार्ड घालत नाही. त्याचे पायाचे पॅड निराळे, पावलापासून मांडीपर्यंत जाणारे, रुंद, फळकुटाएवढे. मापाची पद्धत निराळी. किंमत तर बोलूच नये. नातवानं बापाकडं पाहिलं, बापानं बायकोकडं, बायकोनं कपाटाकडं. नाना खिशात व्हर्नियर चाचपत उभे राहिले.

‘त्याचे किती इंचांपासून सुरू होतात?’ त्यांनी विचारलं. आणि लगेच, जरा आवाज उतरवून, ‘आणि मोठ्यात मोठे?’